बे दुणे चार

लकवा झाला म्हटलं की आमच्या इंदूरात लोक आधी हातपाय बघतात. हात हलतो का, पाय टेकतो का, हेच पहिलं विचारणं. बोलणं गेलं असेल तर "तेवढी वाचा गेली, बाकी देवाची कृपा" म्हणून विषय संपतो. मी स्पीच थेरपिस्ट आहे. माझं सगळं काम त्या "तेवढ्या"तच चालतं.

रामबागेतल्या एका घरी मी जात होते. काका सत्तरी ओलांडलेले. सगळी नोकरी महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधल्या एका पेढीवर हिशेब लिहिण्यात गेलेली. पक्षाघातानं उजवी बाजू लुळी पडली आणि तोंडात एकच शब्द उरला: "तेच". भूक लागली तरी तेच, उशी टोचली तरी तेच, नातू शाळेतून आला तरी तेच. समोरचा "काय तेच?" म्हणून विचारायचा, काका पुन्हा जोर लावून "तेच!" म्हणायचे आणि मग मान फिरवायचे.

याला वाचाघात म्हणतात. बहुतेक माणसांच्या भाषेचा कारभार मेंदूच्या डाव्या भागात असतो, आणि शरीराची उजवी बाजूही तोच भाग सांभाळतो. म्हणून दोन्ही एकदम जातात. १८६१ साली पॅरिसजवळ पॉल ब्रोका या डॉक्टरांनी असाच एक रुग्ण तपासला होता. त्याच्या तोंडून "टां" एवढंच निघायचं. पण घड्याळात किती वाजले ते त्याला कळत होतं, आकडे तो बोटांनी दाखवत होता. म्हणजे बोलता न येणाऱ्या माणसाची समज शाबूत असू शकते, हे दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे. आमच्या घरांपर्यंत ते अजून नीट पोचलेलं नाही. काकांना भेटायला येणारे कानाशी ओरडून बोलायचे, जणू ऐकूच येत नाही. कुणी लहान बाळाशी बोलावं तसं बोलायचं. आणि जाताना प्रत्येक जण म्हणायचा, "काही काळजी करू नका, महिनाभरात घडाघडा बोलाल!"

या वाक्याची मला फार भीती वाटते. बोलणारा मनापासून बोलतो, त्यात शंका नाही. पण महिना जातो, शब्द येत नाहीत, आणि आजारी माणूस समजतो की आपणच कमी पडलो. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. काकांच्या बाबतीत ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

त्या दिवशी गेले तर काका भिंतीकडे तोंड करून निजलेले. सकाळपासून चहाही घेतला नव्हता. काकू दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, राहू द्या आता. कशाला त्रास देऊन राहिलो आपण त्यांना? देवानं जेवढं ठेवलं तेवढं ठेवलं." त्या थकल्या होत्या. रात्री दोन-तीनदा उठणं, अंघोळ, कपडे, सगळं त्यांच्या अंगावर.

चित्रांची कार्डं मी पिशवीतून काढलीच नाहीत. काकूंना विचारलं, "दुधाची वही कुठे आहे?" ती वही आधी काका लिहायचे, आता काकू लिहीत होत्या. मी ती काकांच्या उशाशी ठेवली आणि म्हटलं, "काका, गेल्या महिन्याचा हिशेब बघून द्याल का? दूधवाला येणार आहे."

बराच वेळ काही हललं नाही. मग त्यांनी मान वळवली. मी पाठीला उशी लावून त्यांना बसवलं. डाव्या हाताचं बोट ओळीवरून सरकू लागलं, आणि बेरजेपाशी थांबलं. "तेच!" ते चिडून म्हणाले. बोट बेरजेवर, मग वरच्या तारखांवर, मग पुन्हा बेरजेवर. काकूंनी चष्मा लावून पाहिलं. महिना एकतीस दिवसांचा, बेरीज तीसच दिवसांची धरलेली.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "यांना सगळं कळतंय."

मी काकांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "हिशेब तुमचाच बरोबर आहे." ते माझ्याकडे पाहत राहिले. इतक्या दिवसांत त्यांना कुणी खरं असलेलं कौतुक ऐकवलंच नव्हतं. सगळे होणाऱ्या गोष्टींचं बोलत होते, असलेल्या गोष्टीचं कुणीच नाही.

मग मी त्यांचा डावा हात माझ्या हातात घेऊन स्टुलावर ठेका धरला. शाळा हिंदी असली तरी जुन्या मराठी घरांतून मुलांचे पाढे आजोबा घ्यायचे, ते मराठीतच, पावकी-निमकीसकट. काकांचंही तसंच, हे काकूंनी पूर्वी बोलता बोलता सांगितलं होतं. "बे एके..." म्हणून मी थांबले. ओठ हलले. "बे." मी पुढे: "बे दुणे..." "चार." "बे त्रिक..." "सहा." बे पंचेपासून मी गप्प झाले आणि काका एकटेच वीसपर्यंत गेले, सुरात, दिवेलागणीला म्हणतात तसे.

काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मटकन खाली बसल्या. रडत होत्या, हसतही होत्या. काका डाव्या हातानं डोळे पुसत पुन्हा बे एके बेपासून सुरू झाले.

त्याच वेळी मी दोघांना खरं तेही सांगितलं. पाढे, वार, अंक असं पाठ झालेलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. त्यात उजव्या भागाचा आणि खोलवरच्या केंद्रांचा आधार असतो, असं मानतात. त्यामुळे पाढा आला म्हणून उद्या गप्पा सुरू होतील असं नाही. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगानं होते, नंतर हळू, पण ती वर्षानुवर्षं चालू राहू शकते. आपल्याला त्या पाढ्यातूनच एकेक शब्द सोडवून घ्यायचा आहे. काकांनी मान डोलावली. खोटी आशा दाखवली असती तर ती त्यांनी बेरजेसारखीच पकडली असती, असं मला त्या क्षणी वाटलं.

घरच्यांनी काही गोष्टी पाळायच्या ठरवल्या. बोलताना टीव्ही बंद. एका वेळी एकच प्रश्न, हो-नाहीत उत्तर देता येईल असा. उत्तराला भरपूर वेळ. वाक्य त्यांच्या तोंडून काढून घेऊन स्वतः पुरं करायचं नाही. आणि दुधाची वही परत काकांकडे.

हळूहळू काकांनी स्वतःची एक युक्ती काढली. किती पोळ्या, असं विचारलं की ते "एक, दोन, तीन" असं मोजत हव्या त्या आकड्यावर थांबतात. मग "नको" आला, "पाणी" आलं, नातवाचं नाव अर्धं आलं. "तेच" अजूनही येतो, पण आता काका हात हलवून तो खोडून टाकतात आणि पुन्हा प्रयत्न करतात.

याच सुमाराला माझ्याकडे एक तरुण आला, मॅजिक, म्हणजे शहरातली छोटी प्रवासी गाडी, चालवणारा. पस्तिशीचा, तोच आजार, तीच भिंत. बायको म्हणाली, "कुछ बोलते ही नहीं, दीदी." मी काकांना विचारलं, येता का? रिक्षानं आले, काकू बरोबर. काका त्याच्यासमोर बसले, स्टुलावर डाव्या हातानं ठेका धरला आणि बेचा पाढा म्हणून दाखवला. तरुणाला मराठी पाढा कळण्याचं कारण नव्हतं. पण ओठ वाकडे झालेला, हात लुळा पडलेला माणूस बोलतोय, हे तो टक लावून बघत होता. पाढा संपल्यावर काकांनी त्याच ठेक्यावर त्याच्याकडे बोट केलं, आता तू. मी त्याच्या रोजच्या थांब्यांची हाळी सुरू केली, "राजवाड़ा..." तो अडखळला, गाल थरथरला, आणि म्हणाला, "पलासिया." पुढचा "विजय नगर" बायकोनं आणि त्यानं एकदमच म्हटला.

आता दर मंगळवारी दोघांची वेळ मी एकच ठेवते.