साडेचारशे वाती

ताईकडे जायचं ठरल्यापासून माझं सगळं डोकं बॅगांचं वजन, आईचा इन्शुरन्स आणि तिच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन यातच अडकलेलं होतं. मुंबई-फ्रँकफर्ट साधारण नऊ तास, मग तिथे जरा बसायचं, आणि मग फ्रँकफर्ट-सॅन फ्रान्सिस्को अजून साडेअकरा तास. एवढा वेळ विमानात करणार काय हा प्रश्न मला पडलाच नव्हता, समोर स्क्रीन असतो, त्यात ढिगाने पिक्चर असतात, बघत बसायचं, झोप आली की झोपायचं, हाय काय नि नाय काय. तरी मुंबई एअरपोर्टवर मी मानेची ती उशी घेतलीच, बाराशे रुपयांची, आणि आईने किंमत विचारल्यावर "तीनशे" सांगितलं. तिला तीनशे पण जास्त वाटले, म्हणाली घरून शाल गुंडाळून आणली असती तर हेच झालं असतं.

पहिला टप्पा रात्रीचा होता, झोपेत गेला. दुसऱ्या विमानात बसलो, पट्टे बांधले, विमान सकाळी दहाला उडालं आणि समोरचे स्क्रीन काही लागेनात. माझा पण नाही आणि खिडकीत बसलेल्या आईचा पण नाही. एअर होस्टेस बाई आल्या, सॉरी म्हणाल्या, दोनदा रीसेट केला, मग अजून गोड आवाजात सॉरी म्हणाल्या. विमान फुल, जागा बदलून मिळणार नाही. त्या स्क्रीनसोबत खालचं चार्जिंगचं पोर्ट पण मेलेलं होतं, आणि माझ्या मोबाईलमध्ये होती ५८ टक्के बॅटरी आणि डाउनलोड केलेलं काही म्हणजे काही नव्हतं. साडेअकरा तास! मी उगाच सीटच्या खिशातलं ते सेफ्टी कार्ड दोन्ही बाजूंनी वाचून काढलं, जीवनरक्षक जॅकेट कुठे असतं ते मला आता झोपेत विचारलं तरी सांगता येईल.

आईला स्क्रीनचं सुखदुःख काहीच नव्हतं. तिने पायाशी ठेवलेली कापडी पिशवी वर काढली, ट्रे उघडला, त्यावर स्वच्छ रुमाल अंथरला आणि पिशवीतून कापूस बाहेर काढला. मुंबईला सिक्युरिटीवालीने पण त्या कापसाकडे बघून "माताजी, ये क्या है?" विचारलं होतं, आईने हाताने दिव्याची ज्योत करून दाखवली होती, ती हसली होती आणि जाऊ दिलं होतं. आईने लाख वातींचा संकल्प सोडलाय, त्याला चार वर्षं झाली. बस, दवाखाना, बँक, जिथे म्हणून बसावं लागतं तिथे ती फुलवाती वळते. घरी शेजारी वाटीत थोडं दूध असतं, बोटाला दूध लावून टोक पिळलं की ते ताठ राहतं. आता विमानात दूध कुठून आणायचं, एवढ्यासाठी घंटी वाजवायची का, असा विचार मी करतेय तोवर चहा-कॉफीची गाडी आली आणि कॉफीसोबत ती दुधाची टिचभर प्लास्टिकची कुपी आली. आईने कॉफी काळीच प्यायली, माझ्याकडची पण कुपी मागून घेतली. खर्च शून्य.

ती वळतेय आणि मी बघतेय असं अर्धा तास झालं. बघत राहावं असंच आहे ते. कापसाची पुंजी डाव्या हातात, उजव्या हाताने बोटभर ओढायची, गोल पसरायची, मधोमध चिमूट, चिमटीला दुधाचा एक थेंब, एक पीळ, झालं, रुमालावर उभी. पन्नास झाल्या की डबीत.

मी मात्र मोबाईल काढला, एअरप्लेन मोडवर, ब्राइटनेस एकदम कमी, आणि फोटो डिलीट करायला घेतले. हे एक काम विमानात सगळ्यात भारी होतं, कारण घरी आपण कधीच करत नाही आणि याला नेट लागत नाही. अकरा हजार फोटो होते माझ्याकडे. त्यात गॅसच्या पुस्तकाचे फोटो, लाईटच्या मीटरचे फोटो, कुठल्याशा लग्नातल्या पनीरचे सहा फोटो, पार्किंगच्या खांबाचा नंबर बी-४२ (कुठल्या मॉलचा, देव जाणे), आणि गुलाबाच्या फुलावरचे सुप्रभात तर शेकड्याने. दीड हजार उडवले. मधेच कधीतरी बाबांचा व्हरांड्यातला फोटो आला, पेपर वाचताना, चष्मा कपाळावर. तो आईला दाखवला. तिने हात पुसून मोबाईल घेतला, बराच वेळ बघितला आणि "चष्मा कपाळावर आणि शोधतायत घरभर" एवढंच म्हणून परत दिला. त्यानंतर मी डिलीट करणं थांबवलं, बॅटरी पण ४० वर आली होती.

माझ्या दुसऱ्या बाजूला, आयलच्या सीटवर बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. आईवडील मागच्या रांगेत, लहान बहिणीला घेऊन. त्याचा स्क्रीन चालू होता, त्यामुळे पहिले दोन तास त्याने आमच्याकडे ढुंकून बघितलं नाही. पण दोन पिक्चर अर्धे-अर्धे बघून त्याला कंटाळा आला, मला वाटतं त्या स्क्रीनची हीच गंमत आहे, सगळंच असतं म्हणून काहीच धड बघून होत नाही. मग त्याची नजर आईच्या रुमालावर गेली. हे काय, असं त्याने मला इंग्लिशमधून विचारलं आणि मी तुपाचा दिवा, देव, कापूस असं लांबण लावून समजावत होते तर तो मधेच म्हणाला, "ओह, वत्ती!" त्याची अम्मम्मा, म्हणजे आईची आई, विजयवाड्याला असते आणि ती पण हेच करत बसते. वात आणि वत्ती! आईला हे इतकं आवडलं की पुढचा तासभर त्या दोघांचं माझ्या डोक्यावरून बोलणं चालू होतं, हिची शाळेतली इंग्लिश, त्याची अमेरिकन, मी मधे ट्रान्सलेटर. शेवटी त्याने पण कापूस मागितला. अकरा वाती वळल्या त्याने, काही अळीसारख्या, एक तर चक्क ढगासारखी. आईने "छान छान" म्हणत त्या वेगळ्या कागदात ठेवल्या. नंतर मला हळूच म्हणाली, लाखात नाही हं धरायच्या, जेवणात चिकन खाल्लंय त्याने आणि हात नुसते पुसलेत.

जेवणाचं पण सांगायलाच हवं. आमचं व्हेज म्हणजे पास्ता, आणि त्याला चव अशी नव्हतीच. यात सगळा दोष स्वयंपाक्याचा नसतो म्हणे. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेच्या लोकांनी खऱ्या विमानाच्या सांगाड्यात माणसं बसवून, आतली हवा विमानातल्यासारखी विरळ आणि कोरडी करून त्यांना खायला घातलं होतं, तेव्हा मीठ आणि साखर दोन्हीची चव जिभेला कमी लागते असं दिसलं. विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवलेला असतो. आपलं कळसूबाई ५४०० फूट. म्हणजे आपण कळसूबाईच्याही वर बसून पास्ता खात असतो, तेही न चढता. यावर माझ्याकडे उपाय होता, शेंगदाण्याची चटणी, सोलापूरची, कोरडी, छोट्या डबीत. पास्त्यावर भुरभुरली. त्या मुलाला पण दिली, त्याला काहीच तिखट लागली नाही, आंध्रचं पोर शेवटी. घरून आणलेलं चिवड्याचं पाकीट तर फुगून असं टम्म झालं होतं की आईला वाटलं चिवडा खराब झाला, गॅस धरला. त्याच विरळ हवेमुळे. पाकीट फोडल्यावर फस्स आवाज आला आणि पुढच्या रांगेतल्या काकांनी वळून बघितलं.

मग बदाम सात. पत्ते माझ्या पर्समध्ये कायम असतात, चाळीस रुपयांचा कॅट, एकावर केचपचा डाग आहे त्यामुळे इस्पिकची राणी कुणाकडे आहे ते सगळ्यांना कळतं. मुलाला दोन मिनिटांत जमलं. आई मात्र पान अडवून बसायची, सत्तरीच्या बाईने बारा वर्षांच्या मुलाचं चौकटचं आठ्ठं अडवून धरावं आणि वर "नाहीये हो माझ्याकडे" म्हणून खोटं बोलावं, याला मी साक्षीदार आहे.

एव्हाना केबिन अंधारी केलेली होती, सगळ्यांना खिडक्या बंद करायला सांगितल्या होत्या, बाहेर लख्ख दिवस असून आत कृत्रिम रात्र. मला हे कधीच पटलेलं नाही. पैसे देऊन खिडकी घ्यायची आणि मग ती बंद ठेवायची. त्या मुलाने आईला नकाशा दिसावा म्हणून आपला स्क्रीन नकाशावर लावून ठेवला होता, त्यात दिसत होतं की विमान आता ग्रीनलँडवर आलंय, बाहेर उणे ५४. मी आईच्या अंगावरून वाकले, शेड दोन बोटं वर केली आणि तिला म्हटलं बघ.

खिडकीच्या काचेला खाली ते बारीक भोक असतं ना, दोन काचांमधला दाब सारखा राहावा आणि वाफ धरू नये म्हणून ठेवलेलं, त्याच्याभोवती बर्फाची छोटी रांगोळी झाली होती. आणि तिच्या पलीकडे पांढरं. नुसतं पांढरं, संपतच नाही असं. जून होता म्हणून त्या पांढऱ्यावर मधेच वितळलेल्या पाण्याची तळी होती, इतकी निळी की निळीची पुडी सांडल्यासारखी. ग्रीनलँडचा साधारण ८० टक्के भाग बर्फाखाली आहे आणि मधे तो थर तीन किलोमीटर जाड आहे, म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाई एकावर एक. आई म्हणाली, "मग हिरवं कुठंय यात?" मी सांगितलं की एरिक नावाचा एक माणूस होता, त्याला आइसलँडमधून हद्दपार केलं होतं, त्याने लोक राहायला यावेत म्हणून मुद्दाम गोड नाव ठेवलं अशी गोष्ट सांगतात. "म्हणजे बिल्डर," आई म्हणाली. तीन बाजूंनी कॉंक्रीट असलेल्या आमच्या सोसायटीचं नाव वनश्री आहे.

तेवढ्यात तिने घड्याळात बघितलं. तिचं ते जुनं एचएमटी तिने निघाल्यापासून पुण्याच्या वेळेवरच ठेवलंय, गोळ्यांचा घोळ नको म्हणून. साडेसहा झाले होते. तिन्हीसांजा. तिने कापूस बाजूला ठेवला, हात जोडले आणि हळू आवाजात रामरक्षा सुरू केली, खाली ग्रीनलँडचं बर्फ, त्यावर सकाळचं ऊन, आणि इकडे आईची संध्याकाळ.

ते ऊन पण हलत नव्हतं. निघालो तेव्हा सकाळ, पाच तासांनी सकाळ, आठ तासांनी सकाळच. यावर मी आणि तो मुलगा बराच वेळ टिश्यू पेपरवर हिशोब करत बसलो, फुकटातला हा टाइमपास मला सगळ्यात जास्त आवडला. विषुववृत्तावर जमीन ताशी साधारण १६७० किलोमीटरने पूर्वेकडे फिरते. पुण्यात १५८० च्या आसपास. जसजसं उत्तरेला जाल तसं ते वर्तुळ लहान, ६० अंशांवर बरोबर निम्मं, ८३५. आणि विमान पश्चिमेला चाललंय आठशे-नऊशेच्या स्पीडने. म्हणजे पृथ्वी जेवढी पुढे ढकलते तेवढे आपण मागे पळतो आणि सूर्य आपला तिथल्या तिथे. आकडेमोड तो फटाफट करत होता, कॅल्क्युलेटर न घेता. दहाला उडालेलं विमान साडेअकरा तास उडून साडेबाराला उतरणार होतं, तारीख तीच. आईला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, मग मधले नऊ तास गेले कुठे? परत येताना वसूल करतात, असं मी सांगितलं. म्हणाली, बघ, फुकट काही नसतं.

पुढचे तीनेक तास झोपेत गेले. उशी काही उपयोगाची नाही, डोकं पुढेच पडतं. आईने शाल गुंडाळली होती आणि ती मस्त झोपली. तिच्याकडे बघून मला कळलं की तीनशे सांगितले तेच बरं झालं.

उतरायच्या आधी रिकाम्या पाण्याच्या बाटलीने कडकड आवाज केला आणि ती आपोआप चेपली, वरची विरळ हवा आत बंद आणि खाली दाब वाढलेला. तेवढं बघून त्या मुलाची बहीण, जी अख्खा प्रवास रडत होती, ती पहिल्यांदा हसली. मोजदाद झाली, ४५० वाती, एका विमानात. आई म्हणाली घरी आठवड्यात होत नाहीत एवढ्या, सारखी बेल वाजते.

ताईकडे पहिल्याच संध्याकाळी (आईच्या घड्याळात दुसऱ्या दिवशीची सकाळ, पण आता तिने नाइलाजाने काटे फिरवले होते) देवाशी दिवा लावायचा झाला तेव्हा आईने डबी उघडली नाही, तो कागद काढला, त्या मुलाच्या अकरा वातींचा. मी म्हटलं, चिकन? "लाखात नाही धरायच्या म्हणाले मी," आई म्हणाली, "रोजच्या दिव्याला काय झालंय." ती ढगासारखी होती ती सगळ्यात आधी लावली, तूप भसाभस प्यायली.

परत निघायच्या दोन दिवस आधी बॅगा भरताना ताई विचारत होती, टॅबलेट देऊ का, त्यात पिक्चर भरून देते. आई कापसाचा नवा पुडा पिशवीत कोंबत होती, तिने मला विचारलं, त्या कॉफीसोबतचं दूध जाताना पण देतात ना?