पडद्यावरचे वाचन कोणी शिकवायचे?

पुण्यातल्या मराठी शाळांमध्ये शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणी फोनवर हमखास विचारतात की, तिकडे अमेरिकेत प्रत्येक मुलासमोर लॅपटॉप असतो, तर भाषेच्या तासाला तुम्ही शिकवता तरी काय? या प्रश्नामागची काळजी रास्त आहे, कारण यंत्र हाती आले की पुस्तक मागे पडते हे आपण घरोघरी पाहतो. न्यू जर्सीतल्या एका मिडल स्कूलमध्ये मी सातवीला ‘लँग्वेज आर्ट्‌स’ शिकवते. वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण यांचा हा एकत्रित विषय शिकवता शिकवता माझे मत पक्के होत गेले आहे की, पडद्यावरचा मजकूर वाचायला शिकवणे हे संगणकाच्या तासाचे काम नाही, ते भाषेच्या शिक्षकाचेच काम आहे.

येथे तशी अपेक्षा कागदावरही आहे. २०१० मध्ये तयार झालेल्या ‘कॉमन कोअर’ या अमेरिकेतल्या राज्यांच्या सामायिक शालेय निकषांमध्ये छापील आणि डिजिटल साधनांतून माहिती जमवणे आणि प्रत्येक साधन कितपत विश्वासार्ह आहे ते तपासणे, ही कौशल्ये लेखनाच्या भागात घातलेली आहेत. पुढे जानेवारी २०२३ मध्ये न्यू जर्सी राज्याने कायदा करून बालवर्गापासून बारावीपर्यंत माहिती-साक्षरता, म्हणजे माहिती शोधून तिची विश्वासार्हता पारखणे, शिकवणे बंधनकारक केले. पण कायद्याने वर्ग चालत नाही, म्हणून एका तासाविषयी जरा सविस्तर लिहिते.

मुलांना मी एक जुने संकेतस्थळ उघडायला सांगते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या जंगलात झाडांवर राहणाऱ्या एका दुर्मीळ ऑक्टोपसची त्यावर माहिती आहे. ‘ऑक्टोपस पॅक्सआर्बोलिस’ असे भारदस्त शास्त्रीय नाव, छायाचित्रे, प्राण्याला असलेले धोके आणि त्याला वाचवण्याचे कळकळीचे आवाहन, असे सगळे तेथे आहे. फक्त असा प्राणी जगात कोठेही नाही. हे बनावट संकेतस्थळ १९९८ पासूनचे आहे. कनेटिकट विद्यापीठातल्या डोनाल्ड ल्यू यांच्या गटाने ते सातवीतल्या काही मुलांपुढे ठेवले होते. ही मुले इंटरनेटवर उत्तम वाचणारी म्हणून निवडलेली होती, तरीही त्यांतल्या जवळजवळ सर्वांनी ते विश्वसनीय ठरवले. माझ्या वर्गातही सुरुवातीला तसेच घडते. मुले मन लावून वाचतात, मुद्दे काढतात, शास्त्रीय नाव वहीत उतरवून घेतात. चांगल्या वाचकाने जे जे करावे असे आपण शिकवले, ते ते सारे इमानाने करतात, आणि नेमकी तेथेच फसतात.

मग मी त्यांना ते पान अर्धवट सोडायला सांगते. शेजारी दुसरा टॅब उघडायचा, त्या प्राण्याविषयी आणि त्या संकेतस्थळाविषयी इतर लोक काय म्हणतात ते पाहायचे, आणि पहिल्या पानाकडे परत यायचे की नाही ते मगच ठरवायचे. ही रीत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासामुळे शाळांपर्यंत पोहोचली. त्यांनी इतिहासाचे १० पीएच. डी. अभ्यासक, बातम्यांची सत्यता पडताळणारे १० व्यावसायिक आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी अशा ४५ जणांना अनोळखी संकेतस्थळे तपासायला दिली. अभ्यासक आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले आणि त्यांतले अनेक जण बोधचिन्हाला व नीटस मांडणीला भुलले. पडताळणी करणाऱ्यांनी मात्र झटपट पान सोडून बाहेर चौकशी केली आणि थोड्या वेळात अचूक निष्कर्ष काढला.

यात भाषा कोठे आली, असे कोणी विचारील. शोधासाठी कोणते शब्द निवडायचे हे शब्दसंपत्तीचे काम आहे, निकालातल्या दोन ओळींवरून पानाचा रोख ओळखणे हे आकलनाचे आहे, आणि हा मजकूर कोणी, कोणासाठी, कशासाठी लिहिला हे तर आपण प्रत्येक गद्यपाठाखाली विचारतच आलो आहोत. लेखनाचेही असेच आहे. मुले सामायिक दस्तऐवजात लिहितात, तेव्हा एखादा परिच्छेद कसा घडत गेला हे जुन्या आवृत्त्या उघडून मला पाहता येते, आणि केवळ अंतिम प्रतीला गुण देण्यापेक्षा ते मला अधिक मोलाचे वाटते.

जुलैमध्ये येथल्या उन्हाळी सुट्टीत मी पुण्याला आले होते, तेव्हा पेठेतल्या एका मराठी शाळेत मैत्रिणीच्या दहावीच्या वर्गावर हाच तास घेऊन पाहिला. वर्ग खच्चून भरलेला, मुलांना मोबाइल आणायला बंदी आणि डिजिटल फळा बंद. म्हणून ‘जन गण मन’ला युनेस्कोने जगातले सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरवले, हा वर्षानुवर्षे व्हॉट्सॲपवर फिरणारा निरोप आम्ही कागदावर छापून वाटला. पहिल्या बाकावरची मुलगी लगेच म्हणाली, “बाई, यात तारीखच नाही.” मागून एकाने विचारले, “पण युनेस्को असे पुरस्कार देते तरी का?” बाईंच्या, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या, मोबाइलवर काय शोधायचे यावर बराच वाद झाला. निरोपातलेच शब्द टाकले तर तोच निरोप पुन्हा समोर येईल, असे एका मुलाने ठामपणे सांगितले आणि ‘युनेस्कोचा खुलासा’ हे शब्द सुचवले. अशी कोणतीही घोषणा केलेली नसल्याचे युनेस्कोने फार पूर्वीच स्पष्ट केले आहे, हे बाईंनी वाचून दाखवले, तेव्हा वर्गाला खरा आनंद झाला तो आपला शोध बरोबर ठरल्याचा.

दहावीच्या कुमारभारतीत बातमीलेखन आहे. आज ते मथळा, स्थळ, तारीख अशा साच्यात उरकले जाते. त्याच जागी ‘ही बातमी कशावरून खरी?’ हा प्रश्न बसवायला नवे पुस्तक लागत नाही.

मला अधिक चिंता वाटते ती मराठीतून शोधण्याची. मुले रोमन लिपीत मराठी लिहितात आणि शोध इंग्रजीत घेतात, त्यामुळे मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो, किंवा पुण्यात १९३२ ते १९३८ या काळात निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो, हे त्यांच्या गावीही नसते. भारतीय भाषांच्या संगणकीकरणासाठी इतके काम केलेल्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेचे मुख्यालय ज्या पुण्यात आहे, तेथल्या मुलांना दहावीपर्यंत देवनागरी टंकलेखन यायलाच हवे, आणि ते मराठीच्याच तासाला शिकवायला हवे. मैत्रिणीने यंदा आठवड्यातला एक तास त्यासाठी संगणकाच्या खोलीत मागून घेतला आहे. एका यंत्रावर तीन मुले बसतात: एक टंकते, एक शुद्धलेखन पाहते आणि तिसरे विश्वकोशातली नोंद वाचून सांगते.