कुसळी, ओंबी आणि आमच्या बाई

स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर आमच्या बॅचचे बहुतेक जण गॅदरिंगबद्दल लिहिणार, हे ठरलेलंच. मला आठवतात विज्ञानाच्या बाई.

दिवाळीच्या सुमारास मैदानाकडेचं कुसळी गवत वाळलं की बाई आम्हाला तिथे नेत. हात लावायचा अवकाश, बी झडायचं. उरलेलं पायमोज्यांत रुतायचं. मग त्या पिशवीतून मागच्या हंगामातली गव्हाची ओंबी काढत. ती कितीही झटका, दाणा सुटत नसे. "गवत म्हणून ही अगदीच नालायक. स्वतःचं बी स्वतः सांडता येत नाही हिला!"

रानगव्हात अशी ओंबी क्वचितच निपजे, आणि बी न सांडल्यामुळे तिचा वंश फारसा वाढत नसे. पण सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तुर्कस्तान-सीरियाच्या पट्ट्यात माणसं ओंब्या कापून आणू लागली. झडणारे दाणे रानातच राहिले, न झडणारे घरी आले आणि तेच पुढे पेरले गेले. ठरवून कुणी काही केलं नाही. हे पालटायला हजारांवर वर्षं लागली, हे मला पुढे इंदूरच्याच कृषी महाविद्यालयात कळलं. (कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' बसवणाऱ्या आल्बर्ट हॉवर्डसाहेबांनी १९२४ मध्ये काढलेली संस्था ती हीच. तिथे मात्र सगळे खताबद्दलच बोलायचे.)

महेश्वरच्या सहलीत मुली साड्यांचे माग बघत बसल्या, तर बाई आम्हा चार-पाच जणांना नावेने पलीकडे नावडाटोलीला घेऊन गेल्या. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी १९५०च्या दशकात तिथे खोदकाम केलं होतं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा गहू, मसूर, मूग, जवस, तांदूळसुद्धा तिथे सापडला. जळून कोळसा झाला म्हणून टिकला. "मूग इथलाच, गहू-मसूर पश्चिमेकडून आले," बाई म्हणाल्या. आम्हाला मात्र भूक लागली होती.

शाळेला माझी एक विनंती आहे. मैदानाच्या कडेला तीन वाफे करा: खपली, बाफल्यांचा मालवी गहू आणि लोकवन. खपलीचं टरफल कांडल्याशिवाय निघत नाही. मालवी तिच्याच गोतातला, पण मळणीतच मोकळा होतो. लोकवनच्या प्रजातीचा गहू रानात कधीच नव्हता. शेतातल्या गव्हाचा शेजारच्या एका रानगवताशी संकर होऊन तो झाला. बियाणं मी देतो. पेरणी नोव्हेंबरात करा, आणि कडेची कुसळी तेवढी काढू नका.