बोराच्या आधी वस्ती

सांगोल्याच्या डाळिंबावर कुणी बोलायला लागलं की गाडी थेट भगवा या जातीपासूनच सुटते. भगवा, एक्सपोर्ट, बंगले, दारातल्या गाड्या. फार तर एखादा म्हातारा गणेश या जुन्या जातीपर्यंत मागं जातो. माझं सासर माण नदीपासून जरा वरच्या अंगाला, माळावरचं. तिथली गोष्ट मी आत्यांकडून, म्हणजे सासूबाईंकडून, तुकड्यातुकड्यानं ऐकली. ती डाळिंबापासून सुरूच होत नाही. ती गाव सोडण्यापासून सुरू होते.

गाव सोडलं म्हणजे मुंबई-पुणं गाठलं असं नाही. गावठाणातलं घर सोडून दीड-दोन मैलांवरच्या आपल्याच रानात राहायला जायचं. आज सांगोला, मंगळवेढा, आटपाडी भागातून जाताना जिकडं तिकडं विखुरलेल्या वस्त्या दिसतात. त्या कायमच तशा होत्या असं मला लग्नापर्यंत वाटायचं. मी सोलापूर शहरातली, गिरणीच्या भोंग्यावर वाढलेली. रानात घर असतं एवढंच माहीत.

१९७२ च्या दुष्काळात आत्या आणि मामा (सासरे) पाझर तलावाच्या कामावर होते. सुकडी खाऊन दिवस काढले. तलाव झाला, पाऊस झाला, आणि खालच्या अंगाच्या विहिरींना संक्रांतीपर्यंत पाणी टिकायला लागलं. मामांच्या रानातल्या जुन्या बुडकीचीही, म्हणजे छोट्या विहिरीचीही, तीच गत. मग त्यांनी ती खोल केली आणि तुराट्यांचा कूड घालून छप्पर उभं केलं. भावकी हसली. रानात काय भुतं राहतात का, असं चुलत सासरे तोंडावर म्हणाले होते.

हसणाऱ्यांचंही फार चुकलं नव्हतं. दिवा नाही, रस्ता नाही, साप-विंचू पायाखाली. पिठाची गिरणी गावात, त्यामुळं आत्यांनी माळ्यावर टाकलेलं जातं पुन्हा खाली काढलं. माझी मोठी नणंद त्या छपरातच जन्मली, सुईण येईपर्यंत सगळं उरकलेलं. आत्या हे हसून सांगतात, पण त्या वर्षाबद्दल मामांना त्यांनी माफ केलंय असं मला कधी वाटलं नाही.

एवढं सगळं कशासाठी? बोरांसाठी.

बांधावर, घळीत रानबोरी पिढ्यानपिढ्या होत्याच. मामांनी कुणाचं तरी बघून त्यांच्यावर उमराण या मोठ्या बोराच्या जातीचे डोळे भरायला, म्हणजे कलम करायला, घेतले. उन्हाळ्यात बोराटी जमिनीलगत तोडायची. पावसाच्या तोंडावर धुमारे फुटतात, त्यातला एक जोमदार ठेवायचा, बाकीचे काढायचे, आणि त्यावर डोळा बांधायचा. मूळ आधीच मुरमात खोल गेलेलं असतं, त्यामुळं रोपाला घालावं लागतं तसं पाणी घालावं लागत नाही. शिवाय बोर ऐन उन्हाळ्यात पानं टाकून झोपी जाते. विहीर आटते तेव्हा तिला पाणी नकोच असतं. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. अशा रानात यापेक्षा शहाणं झाड मला माहीत नाही. चैत्र-वैशाखात कडक छाटणी करायची. छाटलेल्या काटेरी फांद्या कुंपणाला.

अडचण एकच होती, शेळ्या. ज्वारी निघाली की रान सगळ्यांचं, गावची जित्राबं मोकळी फिरायची. बोरीचा कोवळा धुमारा शेळीला दिसला की वर्षाची मेहनत घटकाभरात साफ. ज्वारीला पेरणीला गेलं, काढणीला गेलं, दाणा भरताना गोफण घेऊन माचावर बसलं की भागतं. झाड बारा महिने माणूस मागतं. म्हणून छप्पर.

ती पिवळी, टप्पोरी उमराण बोरं पोत्यांत भरून सोलापूरच्या बाजारात यायची. म्हणजे शाळेबाहेर तिखटमीठ लावून मी जी खाल्ली, त्यातली काही सासरचीही असतील. (हल्ली मिळतं ते हिरवं ॲपल बोर मला बोर वाटतच नाही. बोरन्हाणाला ते डोक्यावर टाकलं तर पोराला टेंगूळ यायचं.)

डाळिंब आलं ते नंतर. गणेश ही जात पुण्याच्या गणेशखिंडीत फळशास्त्रज्ञ डॉ. चीमांनी १९३६ मध्येच निवडलेली, पण आमच्या माळावर ती पसरली १९९० च्या फळबाग योजनेनंतर. मजुरी रोजगार हमीतून, आणि अनुदान झाडं जगली तर, टप्प्याटप्प्यानं. इथं वस्तीवाले पुढं गेले. गावात राहून डाळिंब लावणाऱ्यांची रोपं पहिल्या मेमध्ये गेली. वस्तीवर मात्र धुण्याभांड्याचं पाणीसुद्धा आळ्यात जायचं, आणि ते टाकणाऱ्या बहुतेक बायका होत्या, हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. हसणारी भावकीही दोन-तीन वर्षांत एकेक करून रानात आली.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ठिबक, भगवा, २००५ मध्ये सोलापूरजवळच्या केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र, २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन. डिसेंबर २०२० मध्ये शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली. आणि त्याच काळात तेल्या आणि मर हे डाळिंबाचे रोग, शिवाय खोडाला बारीक भोकं पाडणारी कीड. दिरांनी अर्धी बाग उपटली. तिथं आता सीताफळ आहे, बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी निवडलेलं गोल्डन. बिया कमी, गर घट्ट, पण बाळानगर या जुन्या सीताफळाचा वास त्याला नाही, असं माझं मत. दीर म्हणतात, वास वजनात धरत नाहीत.

पुतण्याला आता सांगोल्यात प्लॉट घेऊन बंगला बांधायचाय. मुलांच्या शाळा तिथं, दवाखाना तिथं. बागेत चार कॅमेरे लावणार म्हणतो. दिवाळीत याच्यावर बराच वेळ चाललं. आत्यांनी विचारलं, "कॅमेरा पाणी सोडतोय व्हय?"

"मोबाईलवरनं मोटर चालू हुती की आज्जे."

"आन् लाइट नसल्यावर?"

"लाइट नसल्यावर तू तरी काय करणार हायस?"

यावर आत्यांनी बादलीनं पाणी कसं घातलं ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. पुतण्या ऐकत बसला, पण प्लॉटचा इसार त्यानं आधीच दिलेला होता.