टर्कीचा हंगाम, तिसरं वर्ष: पाटी-पेन्सिलवर आलो

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात रानटी टर्की पक्ष्याच्या शिकारीचा वसंताचा हंगाम सुरू होऊन दोन शनिवार गेले. हाती अजून पीसही लागलेलं नाही, पण कॉलचा (म्हणजे टर्कीचा आवाज काढायच्या साधनाचा) घोळ बराच सुटलाय, म्हणून ही नोंद.

नवख्यांसाठी एवढंच: इथे वसंतात टर्कीच्या मागावर चालत जाणं बेकायदा आहे. बुंध्याला पाठ लावून बसायचं आणि मादीचा आवाज काढून नराला बोलवायचं. एरवी नर आरवतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. म्हणजे आपण त्या पठ्ठ्याला रीत मोडून यायला सांगतोय. तो आढेवेढे घेणारच.

पहिल्या वर्षी बॉक्स कॉल घेतला. लाकडी डबी, वर दांड्याचं झाकण, खडू लावून कडेवर ओढायचं. आर्कान्सातल्या हेन्री गिब्सनने १८९७ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि रचना अजून जवळपास तीच आहे. पहिल्या दिवसापासून बरा आवाज निघतो, लांबही जातो. पण खडू भिजला की मुका.

मग डायफ्रॅम. नालाच्या आकाराची चौकट, त्यात लेटेक्सचा पातळ पडदा, टाळूला चिकटवून फुंकायचं. हात मोकळे राहतात हा मोठा फायदा. मला महिनाभर नुसते उमासे आले. गाडीत सराव करायचो, तर बायको म्हणाली, "बदक आजारी आहे का?" आता क्लक (मादीचा एकच तुटक आवाज) जमतो, यल्प (तिची बोलावण्याची हाक) अजून फाटतो.

यंदा स्लेट. म्हणजे चक्क पाटी! गोल वाटीत बसवलेली, आणि वर घासायला लाकडी काडी. पाटीवर पेन्सिल किरकिरली की अंगावर काटा यायचा, तो कोन मला पहिलीपासून पाठ आहे. पाटी सँडपेपरने एकाच दिशेला घासून घ्या, काडी त्याला आडवी चालवा, टोक न उचलता छोटे लंबगोल काढा. बोटांचं तेल मात्र पाटीला लागू देऊ नका. पावसासाठी काचेची वाटी आणि कार्बनची काडी वेगळी ठेवलीय.

सुरासाठी उगाच दोन वर्षं डोकं फोडलं. फोनवर स्वतःला रेकॉर्ड करून खऱ्या मादीशेजारी ऐकलं तेव्हा कळलं, की मी लयीत मार खातोय. ती पाच-सहा यल्प सारख्या अंतराने देते आणि गप्प बसते. मी नवशिक्या तबलजीसारखा पळत होतो, आणि गप्प तर बसतच नव्हतो.

आज पहाटे त्याचीच परीक्षा झाली. नर झाडावरूनच आरवला, खाली उतरला आणि साठेक यार्डांवर आडव्या ओंडक्यापलीकडे अडून बसला. शेपटीचा पंखा तेवढा दिसत होता. गेल्या वर्षी अशा वेळी मी कॉलवर कॉल दिले होते आणि तो निघून गेला होता. आज काडी खाली ठेवली. हाताने वाळका पाला उकरला: एक फटका, थांबून दोन. मादी चरताना करते तसं.

दहा मिनिटांनी तो ओंडक्याला वळसा घालून आला. डोकं पांढरंफटक, छातीवरची केसाळ दाढी जमिनीला टेकतेय की काय अशी. पंचेचाळीस यार्डांवर थांबला. माझी बारा बोअर बंदूक कागदी निशाण्यावर चाळीस यार्डांपर्यंतच नीट घट्ट छर्रे टाकते, हे मार्चमध्ये तपासलं होतं. बोट घोड्यावर गेलंच नाही. मग माझा गुडघा थरथरला, त्याचा एक कोरडा 'पट्' (टर्कीचा धोक्याचा इशारा) आला आणि तो दिसेनासा झाला.

पुढच्या शनिवारी तोच बुंधा, पण वीस पावलं ओंडक्याच्या जवळ. आणि बसायला जाड उशी.