पुरातून उभी राहिलेली देवघेव

कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स या गावी पाणी-व्यवस्थापनाच्या अभ्यासासाठी आले, तेव्हा धुळ्याकडच्या पांझरा नदीवरील फड या सामूहिक सिंचनाच्या पद्धतीविषयी एक जुना लेख मला हवा होता. तो ज्या भारतीय नियतकालिकात आला होता त्याचे ते वर्ष येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात नव्हते. समोरच्या ग्रंथपाल बाईंनी मात्र हे अडचण म्हणून ऐकलेच नाही. लेखाचे नाव, वर्ष, खंड आणि पाने एका अर्जात भरा, एवढेच त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी लेख माझ्या संगणकावर आला होता. पाने किंचित तिरकी, एका कोपऱ्यात यंत्रावर पुस्तक दाबून धरणाऱ्याच्या अंगठ्याची कड आणि पहिल्या पानावर हजारभर मैलांवरच्या कुठल्याशा विद्यापीठाचा जांभळा शिक्का. मला एक डॉलरही द्यावा लागला नाही. असाच एखादा नवा लेख प्रकाशकाकडून सुटा घ्यायचा म्हटले, तर अनेकदा तीस-चाळीस डॉलर मोजावे लागतात.

ही तत्परता याच गावात का, याचे कारण १९९७ सालच्या पुरात आहे. त्या वर्षी २८ जुलैच्या रात्री येथे ढगफुटीसारखा पाऊस झाला, स्प्रिंग क्रीक नावाचा एरवी कोणी ढुंकूनही न पाहणारा ओढा फुगला आणि गावात पाच जण दगावले. विद्यापीठाच्या मॉर्गन ग्रंथालयाचे तळघर पाण्याने भरले. बांधीव नियतकालिकांचे खंड नेमके तेथेच ठेवलेले होते, त्यामुळे सुमारे पाच लाख खंड भिजले. ते गोठवून, नंतर सुकवून वाचवण्याचे काम पुढे बराच काळ चालले. (पुण्याच्या माणसाला हे वाचताना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आठवणारच.) वाचकांना मात्र लेख तर उद्याच हवे होते. तेव्हा इतर ग्रंथालयांकडून ते झपाट्याने मागवण्यासाठी येथील कर्मचाऱ्यांनी जी व्यवस्था स्वतः रचली, तीच पुढे 'रॅपिड आयएलएल' (आयएलएल म्हणजे इंटरलायब्ररी लोन, ग्रंथालयांमधील देवघेव) या नावाने शेकडो ग्रंथालयांत पसरली. आता ती एका कंपनीच्या मालकीची आहे.

तिची युक्ती साधी आहे. कोणत्या ग्रंथालयाकडे कोणत्या नियतकालिकाची कोणती वर्षे आहेत, ही नोंद आधीच तयार असते. त्यामुळे अर्ज माणसांच्या हातून फिरत बसत नाही, तर थेट लेख असलेल्या ग्रंथालयाकडे जातो, आणि तेही कोणा एकावर भार पडणार नाही अशा बेताने. सभासद ग्रंथालये साधारण चोवीस तासांत लेख पाठवण्याचे बंधन पाळतात आणि एकमेकांकडून लेखामागे पैसे घेत नाहीत. कपाटापर्यंत चालत जाणारा माणूस मात्र अजूनही लागतोच.

हे अमर्याद नाही. अमेरिकेच्या १९७६ च्या प्रताधिकार कायद्याच्या अनुषंगाने ठरलेला एक संकेत आहे : एखाद्या नियतकालिकातील गेल्या पाच वर्षांतले लेख एका ग्रंथालयाने कॅलेंडर वर्षात पाचच मागवावेत. सहाव्यासाठी बहुधा ग्रंथालय स्वतः स्वामित्वशुल्क भरते. वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता, आपल्याकडचे जुने नियतकालिक अमेरिकेत कसे पोचले? 'पब्लिक लॉ ४८०' या अमेरिकी कायद्याखाली भारताला विकलेल्या धान्याचे रुपये भारतातच साठत होते. त्यांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने मराठीसह अनेक भारतीय भाषांतील पुस्तके आणि नियतकालिके विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवली. रेशनच्या लाल गव्हाला नाक मुरडणाऱ्या माझ्या आजीला हे सांगायला हवे होते.

पुण्यातील एका खासगी महाविद्यालयात शिकवणाऱ्या माझ्या मावसबहिणीने हे ऐकून स्वतःसाठी दोन लेख मागवून द्यायला सांगितले. मला नाही म्हणावे लागले, कारण मिळालेली प्रत मागणाऱ्याच्या स्वतःच्या अभ्यासापुरतीच असते. १ जानेवारी २०२५ पासून भारतात सुरू झालेली 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही योजना सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली करते खरी, पण ती सरकारी संस्थांसाठी आहे आणि ताईचे महाविद्यालय त्यांत बसत नाही. मग मी तिला १९८८ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याविषयी विचारले, कारण तेथेही सभासद ग्रंथालयांमध्ये अशीच देवघेव चालते. महाविद्यालय बरीच वर्षे सभासद होते. नऊ वर्षांत ताईने आपल्या ग्रंथपालांना हे विचारलेच नव्हते.