पद्मिनीतील चाइल्ड सीट, नोंद सहावी: दोष पट्ट्याच्या कोनात होता

मागील नोंद लिहिली तेव्हा मी जवळजवळ हरलो होतो. तेव्हा तीन-बिंदू सीट बेल्ट, म्हणजे कंबर आणि खांदा दोन्ही धरणारा पट्टा, बसला होता, बोल्ट योग्य ताकदीने कसलेले होते, पत्र्याखाली आधाराच्या पोलादी पट्ट्याही लावलेल्या होत्या, आणि तरीही चाइल्ड सीट हाताने धरून ओढली की सात सेंटिमीटर पुढे सरकत होती. गेल्या रविवारी तीच सीट त्याच गाडीत 14 मिलिमीटरच्या वर हलली नाही. ही नोंद प्रामुख्याने त्या फरकाविषयी आहे, कारण ज्या चुकीत माझे चार महिने गेले ती चूक जुन्या गाडीत मागचे पट्टे बसवणाऱ्या कोणाच्याही हातून सहज होऊ शकते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी 1978 ची प्रीमियर पद्मिनी आहे, 1089 सीसीची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि पुढची सीट अखंड बाकासारखी. आपल्याकडे पुढच्या सीटचे पट्टेसुद्धा 1994 पासून सक्तीचे झाले, त्यामुळे या गाडीला मागे पट्ट्यांची मूळ जागाच नाही. आयसोफिक्सचा, म्हणजे चाइल्ड सीट थेट अडकवण्यासाठी गाडीतच दिलेल्या कड्यांचा, तर प्रश्नच येत नाही. मुलगी आता दोन वर्षे दहा महिन्यांची आहे आणि वजन 13.4 किलो आहे. 13 किलो होईपर्यंत ती मागे तोंड करून, घरच्या दुसऱ्या गाडीतच बसत होती. पद्मिनीत मागे तोंड करून सीट बसवण्याचा प्रयत्न मी दुसऱ्या नोंदीत सोडला होता, कारण त्या सीटला जागा द्यायची तर पुढचा बाक पुढे घ्यावा लागतो, आणि बाक अखंड असल्याने चालकाची जागाही त्याच्याबरोबर पुढे जाते. माझे गुडघे स्टिअरिंगला टेकले, तेव्हा तो विषय संपला. म्हणून ती पुढे तोंड करून बसण्याच्या वजनाची होईपर्यंत थांबायचे ठरवले, आणि तो निर्णय आजही मला योग्य वाटतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो. फेब्रुवारीत पट्ट्याच्या खालच्या दोन टोकांसाठी जागा निश्चित करायला मी नागपुरात कामठी रोडवरील आमच्या उस्तादांकडे गाडी नेली होती. मागची गादी काढल्यावर, गादी आणि पाठ जिथे मिळतात त्या खाचेच्या मागचा पत्रा त्यांनी हातोडीने वाजवून पाहिला आणि म्हणाले, "इथला पत्रा मेला आहे, भाऊ. पुढे सरका." मी पुढे सरकलो. खाचेच्या आठ सेंटिमीटर पुढे पत्रा चांगला खणखणीत लागला, तेथे छिद्रे पाडली आणि पट्टे बसवले. पत्र्याविषयी उस्तादांचे निदान अगदी बरोबर होते. त्या सरकण्याने पट्ट्याचे काय होईल, हा विचार करायचे काम माझे होते, आणि ते मी केले नाही.

चाइल्ड सीटमध्ये पट्टा ज्या फटीतून जातो ती फट माझ्या सीटच्या बाबतीत खाचेपासून सुमारे दहा सेंटिमीटर पुढे आणि जुन्या बोल्टपासून तीस सेंटिमीटर वर येते. म्हणजे बोल्ट आणि फट यांच्यात आडवे अंतर उरले फक्त दोन सेंटिमीटर. पट्टा जवळजवळ सरळ उभा, आडव्या रेषेशी 86 अंशांवर. असा पट्टा कितीही आवळला तरी तो सीटला गादीत खाली दाबतो, मागे खेचत नाही. ब्रेक लागल्यावर सीट पुढे सरकू लागते आणि पट्टा मागच्या बाजूला पुरेसा कलेपर्यंत तिला अडवणारे काहीच नसते. माझे सात सेंटिमीटर नेमके तेथून येत होते. मागील सीटवरील पट्ट्याचा कोन 30 ते 80 अंशांच्या दरम्यान असावा असे आर14 या आंतरराष्ट्रीय नियमात आहे. ती मोजणी मोठ्या माणसाच्या बसण्याच्या बिंदूवरून होते, चाइल्ड सीटच्या फटीवरून नाही. तरीही 86 हा आकडा कागदावर लिहिला असता, तर मला फेब्रुवारीतच शंका आली असती.

तो आकडा दिसला तोही योगायोगाने. गादीचा काथ्या बदलून घेण्यासाठी मी मोजमापे घेत होतो आणि उंची पाहण्यासाठी दारातून ओळंबा सोडला होता. ओळंब्याची दोरी आणि पट्टा एकमेकांना समांतर दिसले. मी बराच वेळ तसाच उभा राहून पाहत होतो.

त्याआधी मी दोष गादीत शोधत होतो, हेही नमूद करतो. पद्मिनीच्या मागच्या गादीत स्प्रिंगा आणि त्यावर काथ्याचा थर असतो. चाळीस-पन्नास वर्षांत काथ्याचा भुगा होतो आणि स्प्रिंग सुटी पडते. सीटखाली प्लायवूडची फळी घालण्याचा मोह मला झाला होता आणि एक आठवडा मी ती घातलीही होती, परंतु चाइल्ड सीटच्या पुस्तिकेत तिच्याखाली असे काही ठेवायला स्पष्ट मनाई आहे. नंतर सीताबर्डीत सीट कव्हरचे काम करणाऱ्या एका कारागिराकडून गादीच उघडून घेतली, स्प्रिंगांवर जाड कॅनव्हास ताणला आणि काथ्याऐवजी रिबॉन्डेड फोमचा घट्ट थर बसवला. काम अतिशय सुबक झाले आहे. मूळ शिवणीच्या रेषासुद्धा त्यांनी जुळवल्या. त्या बदलाने सरकणे सातवरून साडेचार सेंटिमीटरवर आले. सुधारणा खरी होती, म्हणूनच तिने मला आणखी महिनाभर चुकीच्या वाटेवर ठेवले. मी आणखी घट्ट फोमच्या शोधात लागलो.

कोनाचा उलगडा झाल्यावर मार्ग एकच उरला: मेलेला पत्रा कापून काढायचा, तेथे नवा पत्रा लावायचा, आणि बोल्ट खाचेच्या मागे न्यायचा. तेथे फ्लोअर मागच्या धुरेवरून जाण्यासाठी चढू लागतो, त्यामुळे बिंदू तीन सेंटिमीटर वरही येतो. खाचेच्या सात सेंटिमीटर मागे बोल्ट धरला, तर आडवे अंतर सतरा, उभे सत्तावीस, आणि कोन सुमारे 58 अंश. कागदावर हे लिहिले, तेव्हा मला चार महिन्यांत पहिल्यांदा शांत झोप लागली.

पत्रा कापण्यापूर्वी गाडीखाली झोपून ब्रेकचा पाइप आणि पेट्रोलची नळी कोठून जाते ते खडूने आखून घेतले. हे काम कोणीही टाळू नये. कुजलेला भाग अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, दोन्ही बाजूंना तळहाताएवढा. चांगला पत्रा कॅलिपरने 0.9 मिलिमीटर भरला, म्हणून तेवढ्याच जाडीच्या पत्र्याचे तुकडे लावले. उस्ताद गॅस वेल्डिंगचे जुने कसबी आहेत, पण इतक्या पातळ पत्र्यावर गॅसची आच पसरून तो लाटांसारखा वाकतो, म्हणून या वेळी मी मिग वेल्डिंगचा आग्रह धरला. त्यांनी तो मानला, आणि थोडे थोडे टाके घालत, मध्ये थंड होऊ देत काम केले.

पत्र्याखालील पट्टीबद्दल मला अनेकांनी विचारले होते. मी 3 मिलिमीटर जाडीची, 80 बाय 60 मिलिमीटरची माइल्ड स्टीलची पट्टी वापरली, म्हणजे 48 चौरस सेंटिमीटर. मोटार शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना एफआयए, तिच्या नियमांत हार्नेससाठी (शर्यतीच्या पट्ट्यांसाठी) किमान 40 चौरस सेंटिमीटर आणि 3 मिलिमीटर सांगितले आहे, तेवढे तरी मिळावे असा हेतू होता. पट्ट्या हिंगणा एमआयडीसीत लेझरवर कापून घेतल्या आणि चारही कोपरे गोल करून घेतले, कारण टोकदार कोपरा झटक्याच्या वेळी पत्र्याला करवतीसारखा फाडू शकतो. पट्टी फ्लोअरच्या खालच्या बाजूला, नट तिच्यावर वेल्ड केलेला, आणि बोल्ट आतून. म्हणजे पट्टा जितका ओढला जाईल तितकी पट्टी पत्र्याला घट्ट लागेल. पट्टी वरच्या बाजूला लावलेली एक गाडी मी पाहिली आहे. तेथे सगळा भार पुन्हा वेल्डच्या रेषेवरच येतो.

बोल्टांचा अनुभव मात्र कडवट आहे. सीट बेल्टचा बोल्ट 7/16 इंची यूएनएफ, म्हणजे बारीक आट्यांचा असतो, इंचाला 20 आटे. इतवारीतील एका दुकानातून मी बोल्ट मागवले, तर डब्यावर यूएनएफ लिहिलेले आणि आत इंचाला 14 आट्यांचे, म्हणजे जाड आट्यांचे यूएनसी बोल्ट. व्यास तोच असल्याने नजरेला फरक कळत नाही. पहिले दोन वेढे हाताने गेले, मग अडकला, आणि दुकानदाराने फोनवर सांगितले की पान्याने जोर लावा, बसेल. जोर लावला असता, तर वेल्ड केलेल्या नटाचे आटेच गेले असते. थ्रेड गेज शंभर-दोनशे रुपयांत मिळते; बोल्ट घेताना ते खिशात ठेवावे, आणि बोल्टच्या डोक्यावर ताकदीची खूण नसेल तर तो परत द्यावा. शेवटी पट्ट्यांच्या संचाबरोबर येणारेच बोल्ट वेगळे मागवून घेतले आणि टॉर्क रेंचने 40 न्यूटन-मीटरला कसले.

गाडीवर विश्वास टाकण्याआधी मला एक चाचणी हवी होती. सुट्या भागांसाठी मोडलेल्या दुसऱ्या गाडीच्या फ्लोअरचे दोन तुकडे घेतले, दोन्ही लाकडी चौकटीत घट्ट धरले आणि उस्तादांच्या चेन पुलीला टांगता काटा लावून ओढले. नुसत्या मोठ्या वॉशरवर बसवलेला बोल्ट 380 किलोला पत्रा फाडून बाहेर आला. पट्टी लावलेला तुकडा 700 किलोपर्यंत नेला, तेथे पत्रा किंचित फुगला पण फाटला नाही. मुलगी आणि सीट मिळून 21.6 किलो, झटका 25 जी (वजनाच्या 25 पट) धरला, तर 540 किलोचा भार येतो आणि तो एकाहून अधिक बोल्टांत विभागला जातो. कारखान्यातील पट्ट्यांच्या आधारांना आर14 प्रमाणे 1,350 डेकान्यूटनची (एक डेकान्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा भार) ओढ सोसावी लागते, आणि हळू ओढणे म्हणजे धडक नव्हे, हे मला ठाऊक आहे. म्हणून ही चाचणी मी प्रमाणपत्र मानत नाही. वॉशर आणि पट्टी यांच्यातील फरक डोळ्यांनी पाहण्यापुरतीच तिची किंमत आहे.

चौथ्या नोंदीत ज्यांचे इतके कौतुक केले होते ते रीलचे, म्हणजे आपोआप गुंडाळले जाणारे पट्टे आता मुलीच्या बाजूने काढले आहेत. रीलमधील गोळी ठरावीक कोनातच मोकळी राहते. व्हील आर्चवर, म्हणजे चाकावरच्या कमानीवर, रील वीसेक अंश कलले, की पट्टा कायमचा अडकतो, आणि त्यासाठी मी अॅल्युमिनिअमची पाचर घडवली होती. पाचर उत्तम चालली. पण रील मोकळे झाले, की ते एरवी पट्टा सैल सोडणारच, आणि माझ्या सीटला पट्टा धरून ठेवणारी स्वतःची कळ नाही. त्याऐवजी हाताने आवळायचा, रील नसलेला तीन-बिंदू पट्टा लावला. एकदा आवळला, की तो तसाच राहतो. जुन्या गाडीसाठी मला आता हाच पट्टा अधिक पसंत आहे. पाचरीसकट रील वाया जाणार नाही: पत्नी मागे दुसऱ्या बाजूला बसते, तिला वाकून पुढच्या बाकावरचे सामान घ्यावे लागते, तेथे रीलच सोयीचे.

बकल हा छोटा पण महत्त्वाचा मुद्दा. संचातील बकलची दांडी 22 सेंटिमीटरची होती, त्यामुळे बकल नेमके सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर येऊन वाकत होते. अशा जागी आलेले बकल झटक्यात उघडू किंवा तुटू शकते. 12 सेंटिमीटरची दांडी मागवली; आता बकल गादीच्या कडेला राहते आणि पट्टा सरळ फटीत जातो. वरच्या टेदरसाठी, म्हणजे सीटचा माथा मागे बांधणाऱ्या पट्ट्यासाठी, पार्सल ट्रेचा (मागच्या काचेखालच्या फळीचा) पातळ पत्रा टाळून पाठीमागच्या आडव्या पन्हाळीवर तशीच पट्टी लावली आहे. पट्टा वापरून सीट बसवली तरी टेदर लावावा असे माझ्या सीटच्या पुस्तिकेत आहे. टेदर आवळल्यावर सीटचा माथा पुढे डोलणे थांबले.

लिहिता लिहिता आणखी एक गोष्ट सुचली आहे. डाव्या-उजव्या पट्ट्या आता स्वतंत्र आहेत. गाडीखालून त्या दोघींना जोडणारी 40 बाय 40 ची चौकोनी नळी टाकली, तर भार दोन्ही बाजूंना वाटला जाईल, पण प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा) वर उसळतो तेव्हा नळीला लागेल का, हे मागची धुरा जॅकवर पूर्ण वर घेऊन पाहावे लागेल. जागा मिळाली नाही, तर नळीचा विचार सोडून पट्टीच बोल्टपासून टनेलच्या (त्या शाफ्टवरील फ्लोअरच्या उंचवट्याच्या) दिशेने लांब करीन. गंज रोखायला झिंक प्रायमर आणि सांधे बुजवायला सीम सीलर या पावसाळ्याआधीच लागले. खालचा रबरी लेप मुद्दाम थांबवला आहे, कारण नळी झाली, तर तो खरडावा लागेल.

नागपूरच्या उन्हाविषयी एकच सूचना. मे महिन्यात 45 अंशांना बंद गाडीतील बकलची धातूची जीभ हाताला चटका देते, मुलीच्या मांडीचे तर विचारूच नका. पत्नीने जुन्या सुती पातळाची पिशवी शिवून दिली, ती आम्ही गाडी उभी करताना बकलवर घालतो. घरासमोरच्या कडुनिंबाखाली उभी गाडीसुद्धा दुपारी दोननंतर उन्हात येते.

गेल्या रविवारी पहाटे मुलीला घेऊन अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्सचा चढ आणि परत असा 22 किलोमीटरचा फेरा केला. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढला तेव्हा ती "आजोबांची गाडी ओरडते" म्हणाली, कारण ही गाडी माझ्या वडिलांनी घेतली होती आणि तिला ते ठाऊक आहे. घरी आल्यावर पट्ट्याच्या फटीजवळ सीट धरून पुन्हा मोजले. कोणत्याही दिशेने 25 मिलिमीटरच्या आत असावे, हा सर्वमान्य निकष. निघताना 12 होते, परतल्यावर 14. काल आणखी एकदा, खराब रस्त्यावरून कोराडीला जाऊन आल्यानंतर, 14 च आले.